५१.०० : टू-स्ट्रोक क्लब चॅम्पियनशिपमधल्या एका तक्रारीचं प्रकरण

जानेवारीतल्या फेरीची फायनल सव्वाचारला संपली आणि पाचच्या सुमारास २७ नंबरची यामाहा आरएक्स-१०० मोटारसायकल माळावरच्या लिंबाखाली लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. सिलिंडरवरच्या झाकणाचे, म्हणजे हेडचे, चार नट निघाले, पिस्टन तळाला नेला, सिलिंडरच्या ब्लॉकमध्ये व्हर्निअर या मापयंत्राचे जबडे गेले. भोवती पन्नासएक माणसं होती, पण आवाज येत होता तो फक्त निवत चाललेल्या फिन्सच्या टिकटिकीचा. आकडा आला ५१.१२. आमच्या नियमपत्रिकेत लिहिलं होतं : बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या भोकाचा व्यास, जास्तीत जास्त ५१.०० मिमी.

२७ नंबरनं ती शर्यत जिंकली होती. तक्रार केली होती तिसऱ्या आलेल्या मुलाच्या वडिलांनी. नियम मी लिहिला होता. आणि तो ब्लॉक पाच महिन्यांपूर्वी माझ्याच वर्कशॉपमध्ये बोअर झाला होता, म्हणजे त्याचं भोक कापून मोठं केलं होतं.

छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांची क्लबपुरती मालिका भरवायची इच्छा आपल्याकडे बऱ्याच गावांत आहे. जागा कुठं मिळेल, परवानगी कोण देईल, बक्षीस किती ठेवायचं, यावर रात्र-रात्र चर्चा होते. नियमपत्रिका मात्र शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत उरकली जाते. आमची तशीच उरकली होती, आणि त्या एका ओळीपायी चार फेऱ्यांची मालिका दुसऱ्याच फेरीत मोडायला आली होती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

मालिका कशी उभी राहिली

आम्ही कृष्णाकाठच्या एका तालुक्यातले तीसेक जण. कुणाचं गॅरेज, कुणाची ऊसशेती, दोघे शाळामास्तर, एक एसटी डेपोतून निवृत्त झालेले हेड मेकॅनिक, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. माझं लेथ आणि बोअरिंगचं काम आहे, बावीस वर्षं झाली. सगळ्यांना एकत्र बांधते ती जुनी टू-स्ट्रोक.

एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या साथीनं १९८५ साली आरएक्स-१०० आणली आणि १९९६ ला तिचं उत्पादन थांबलं. ९८ सीसी, ११ बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास. कागदावर हे आकडे आज किरकोळ वाटतील. पण पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडल्यावर ती गाडी काय करते हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. आमच्या भागात घरटी नाही, पण गल्लीला एक तरी आरएक्स अजून आहे. वडिलांनी लग्नाआधी घेतलेली, नाहीतर मामानं भाच्याला दिलेली.

ही मंडळी रात्री बायपासवर एकमेकांशी लावायची. मोटार वाहन कायद्याचं १८९ वं कलम सार्वजनिक रस्त्यावरच्या अशा शर्यतींना शिक्षा सांगतं, पण कलमापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आम्ही त्या रस्त्यावर एक पोरगं गमावलं होतं. मालिकेचा विचार तिथून सुरू झाला. पोरांना वेग हवाच असेल तर तो आखलेल्या जागेत, हेल्मेट-गार्ड घालून, डॉक्टरच्या नजरेसमोर मिळू दे.

जागा मिळाली ती गावाच्या वरच्या माळावर. खाली नदीकाठची काळी जमीन शर्यतीला निरुपयोगी आहे. वाळली की भेगाळते, भिजली की चाकाला लाडू लागतात. माळावरचा मुरूम पाणी मारून रोलर फिरवला की घट्ट बसतो. ९०० मीटरचा, आठ-दहा मीटर रुंदीचा, उड्या नसलेला सपाट डर्ट ट्रॅक आम्ही दोन दिवस जेसीबी लावून काढला. मान्यतेसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाशी संलग्न असलेल्या एका क्लबला बरोबर घेतलं. हे टाळू नका. मान्यता नसलेल्या स्पर्धेत उतरलेल्या परवानाधारक रायडरवर फेडरेशन कारवाई करू शकतं, आणि ती शिक्षा आयोजकाच्या आळसापायी पोराला भोगावी लागते.

तारखांचं गणित आमचं आम्हालाच करावं लागलं. पाऊस संपून माळ वाळायला दिवाळी उलटते. फेब्रुवारीत बारावी, मग दहावी. त्या काळात टू-स्ट्रोकचा आवाज गावाला चालणार नाही आणि चालूही नये. चैत्रात यात्रा. शेवटी डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीचा पहिला रविवार आणि यात्रेनंतरचा एप्रिल, अशा चार फेऱ्या ठरल्या. चारपैकी चांगल्या तीन धरायच्या, म्हणजे एखाद्याचा क्रँक गेला किंवा बहिणीचं लग्न त्याच रविवारी आलं तर त्याचं वर्ष फुकट जाऊ नये.

शंभर सीसी म्हणजे किती

सप्टेंबरमध्ये पहिली नियमपत्रिका वाटली. त्यात आरएक्स-१०० च्या गटासाठी एक ओळ होती : इंजिन १०० सीसीपर्यंत. कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही. मलाही नाही, आणि मला वाटायला हवं होतं.

आरएक्स-१०० चा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, तोही ५० मिमी. हिशेब केला की ९८.१७ सीसी येतात. ब्लॉक झिजला की आपण तो बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घालतो : पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिमी. पाव मिमीला ९९.१६ सीसी होतात. अर्ध्याला १००.१५. एक मिमीला १०२.१४. म्हणजे ज्याच्या गाडीचं दुसऱ्यांदा बोअरिंग झालं आहे ती प्रत्येक गाडी आमच्या नियमाबाहेर होती. उत्पादन थांबून इतकी वर्षं झालेल्या गाडीचं दुसरं बोअरिंग झालेलं नसेल असं घर शोधून सापडणार नाही. पाव मापाच्या आत बसणारा ब्लॉक हवा तर जुन्या बाजारात 'जपान' छापाचा स्टँडर्ड ब्लॉक शोधायचा, आणि त्याचे भाव आरएक्सचं वेड वाढल्यापासून कुठे गेलेत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गरिबाला परवडणारी शर्यत म्हणून जी मालिका आम्ही काढली तिच्या पहिल्याच ओळीनं गरिबाची गाडी बाहेर ठेवली होती. ऑक्टोबरमध्ये एका पोरानं माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन सहज विचारलं, "काका, माझा शेवटचा साइज आहे, चालंल न्हवं?" तेव्हा मी पाटीवर हिशेब मांडला आणि मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी ओळ बदलली : बोअर जास्तीत जास्त ५१.०० मिमी. एक मिमीपर्यंतचे सगळे ओव्हरसाइझ, म्हणजे वाढीव मापाचे पिस्टन, आत.

मधल्या तीन आठवड्यांत एका माणसानं पहिला नियम प्रामाणिकपणे वाचून मुलासाठी स्टँडर्ड ब्लॉक विकत घेतला होता. जानेवारीत तक्रार करणारे ते हेच. हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

डिसेंबरची फेरी

बावीस गाड्या आल्या. पहिल्या फेरीत आम्ही ज्या चुका केल्या त्यांतल्या दोन इथे नोंदवतो, कारण दोन्ही जिवावर बेतू शकल्या असत्या.

वळणांच्या बाहेर आम्ही उसाच्या पाचटाचे गठ्ठे रचले होते. हंगाम चालू, पाचट फुकट, मऊही. नाना सकाळी ट्रॅकभर चालत आले आणि म्हणाले, "पाचटावर तापलेला सायलेन्सर पडला, वर टाकीतनं पेट्रोल गळलं, की होळीच." शर्यत दोन तास थांबवून गठ्ठे उचलले आणि टायर रिमोल्डिंगवाल्याकडून जुने टायर आणून चुना मारून लावले. तेव्हापासून पाचट माळावर चढत नाही.

दुसरी चूक रुग्णवाहिकेची. ती एकच होती. दुसऱ्या हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या छोट्या शर्यतीत, एक जण घसरला, खांद्यावर पडला, हासळीचं हाड मोडलं. डॉक्टर त्याला घेऊन तालुक्याला गेले आणि माळावर वीस गाड्या, तीनशे माणसं दीड तास बसून राहिली. रुग्णवाहिका जागेवर नसताना एकही गाडी ट्रॅकवर सोडायची नाही हा नियम आम्ही पाळला, पण लोक चिडले आणि दोघे-तिघे "एक हीट तर होऊन जाऊ द्या" म्हणत अंगावर आले. पुढच्या फेरीपासून दोन गाड्या. सबंध खर्चात सर्वांत मोठी रक्कम तीच आहे आणि तिथे घासाघीस करू नये.

पेट्रोलचाही एक प्रसंग झाला. बऱ्याच जणांनी ऑइल पंप काढून टाकलेला असतो आणि ते टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण, पेट्रोलमध्येच मिसळतात. एकानं घाईत दुसऱ्याच्या कॅनमधलं साधं पेट्रोल भरलं. चौथ्या लॅपला सरळ पट्टीच्या टोकाला पिस्टन पकडला, म्हणजे ब्लॉकमध्ये जाम झाला. मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी व्हायला लागली, पण डाव्या हाताची दोन बोटं क्लचवरच होती म्हणून सावरला. टू-स्ट्रोक पळवणाऱ्याची ही सवय जुने लोक पोरांना पहिल्या दिवशी लावतात : आवाज कोरडा झाला की आधी क्लच. आता मिसळलेल्या पेट्रोलच्या कॅनला लाल पट्टी आणि साध्याला पांढरी.

निशाणं धरायला कॉलेजची पोरं उभी केली होती, ती शर्यत बघण्यात रमली. तेव्हापासून ज्या हीटमध्ये ज्याची गाडी नाही त्यानं निशाण धरायचं. मागून येणाऱ्याला पिवळं निशाण वेळेवर न दिसणं म्हणजे काय, हे ज्याला स्वतःला माहीत आहे तो नजर हटवत नाही.

तक्रार

आता जानेवारी. २७ नंबरवाला पोरगा एकोणीस वर्षांचा, मामाच्या गाडीवर धावणारा. डिसेंबरात सातवा आला होता. जानेवारीत पहिल्या वळणाला चौथा होता, तिसऱ्या लॅपला पहिला झाला आणि तसाच राहिला. वळणातून बाहेर पडताना त्याची गाडी इतरांपेक्षा आधी सरळ व्हायची. लोक म्हणायला लागले, "इंजिनात काहीतरी आहे."

शर्यत संपून अर्ध्या तासाच्या आत लेखी तक्रार आणि तिच्यासोबत ठरलेली अनामत, असा नियम होता. तक्रार नियमात बसून आली : २७ नंबरचा बोअर मर्यादेबाहेर आहे. मी व्हर्निअर घेऊन पुढे झालो आणि पहिलं माप मीच काढलं. ते ५१.१२. त्यावर तक्रारदार म्हणाले, "ब्लॉक तुमीच बोअर मारलाय, नियम तुमीच लिवलाय, आणि मोजणारबी तुमीच व्हय?"

बोलण्यात राग होता, पण म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. व्हर्निअर मी खाली ठेवला आणि पंचांना सांगितलं की या गाडीला मी आता हात लावणार नाही. त्या क्षणापर्यंत हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. तालुक्यातल्या निम्म्या आरएक्सचे ब्लॉक माझ्याकडे होतात. तपासणीवर मला बसवताना कुणाला ते खटकलं नाही, मलाही नाही.

नाना पुढे आले. पेटीतून डायल बोअर गेज, म्हणजे भोकाचं बारीक माप घेणारं यंत्र, काढला, सेट केला, आणि ब्लॉकजवळ जाऊन थांबले. मग पंचांकडे वळून विचारलं, "मोजायचं कुठं?"

या एका प्रश्नात सगळं प्रकरण आहे. धावलेला ब्लॉक वरपासून खालपर्यंत एका मापाचा नसतो. पिस्टनच्या रिंगा जिथपर्यंत चढतात तिथपर्यंत तो झिजतो. त्याच्या वर, हेडच्या तोंडाशी, काही मिलीमीटरचा पट्टा रिंगांच्या वाटेत येत नाही. तो बोअर केला तेव्हाच्या मापाचाच राहतो. नख फिरवलं तर तिथे बारीक ओठ लागतो. बोअरिंगवाला गिऱ्हाईकाला झीज दाखवताना तोच ओठ दाखवतो. मी व्हर्निअर घातला होता झिजलेल्या भागात. शिवाय इंजिन तापलेलं होतं. ५१ मिमीचं लोखंडी भोक ९० अंशांनी तापलं की साधारण ०.०५ मिमी फुगतं. नियमात मोजायची जागा नव्हती आणि तापमानही नव्हतं. फक्त आकडा होता, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत.

नानांनी इंजिन निवेपर्यंत थांबायला सांगितलं. दोन तास. कुणी घरी गेलं नाही. सात वाजता बॅटरीच्या उजेडात त्यांनी पुन्हा मोजलं आणि आकडे मोठ्यानं वाचले : मधल्या भागात ५१.०८, वरच्या ओठापाशी ५१.०२.

म्हणजे नवा असतानाही तो ब्लॉक ०.०२ ने बाहेरच होता. आणि त्याचं कारण माझ्या जॉबबुकात लिहिलेलं होतं. मुलाला पाठवून ते आणवलं. ऑगस्टमधली नोंद : पिस्टन १.०० मापाचा, स्कर्टला (पिस्टनच्या खालच्या भागाला) ५०.९८ भरला, फट ०.०४, बोअर ५१.०२. पिस्टनवर '१.००' छापलेलं असलं तरी प्रत्येक कंपनीचा पिस्टन केसाएवढा वेगळा भरतो. त्यामुळे बोअरिंगवाला छापील आकडा पाहून बोअर करत नाही, पिस्टन मायक्रोमीटरनं मोजतो आणि वर फट ठेवतो. पुरेशी फट न ठेवता कुणी बरोब्बर ५१.०० ला बोअर केला तर असा पिस्टन तापात पकडू शकतो. माझी हयात ज्या कामात गेली त्याच कामात मी असा नियम लिहिला होता की तो पाळायचा तर काही इंजिनं जाम व्हायला हवीत.

निकाल

पंच तिघे होते : नाना, पी.टी.चे सर आणि तालुका कोर्टातले एक वकील. वकिलांनी आधी सांगितलं की एकट्या २७ ची तपासणी करून निकाल देता येणार नाही. पहिल्या सहा गाड्या उघडा. रात्री साडेआठपर्यंत सहा हेड उतरली. आणखी दोन गाड्या ओठापाशी ५१.०० च्या वर निघाल्या, दोन्ही शेवटच्या ओव्हरसाइझवरच्या. तक्रारदारांच्या मुलाची गाडी स्टँडर्ड, नितळ, नियमात चोख.

निकाल असा दिला गेला. तक्रार खरी आहे, अनामत पूर्ण परत. आकड्याच्या अक्षरानुसार तीन गाड्या बाहेर जातात, पण नियम मोजता येण्यासारखा लिहिलेला नाही, हा दोष आयोजकांचा आहे, रायडरचा नाही. म्हणून शर्यतीचा क्रम कायम. तिसऱ्या फेरीच्या पंधरा दिवस आधी दुरुस्त नियम सगळ्यांच्या हातात लेखी पडेल. हे सगळं सरांनी माळावर उभं राहून मोठ्यानं वाचलं, आणि दोष आयोजकांचा हे वाक्य दोनदा वाचलं.

हा निकाल योग्य होता असं मी आजही म्हणतो. पण तक्रारदारांवर अन्याय झाला, हेही तितकंच खरं आहे. सप्टेंबरच्या नियमावर विसंबून त्यांनी पैसे घातले, ऑक्टोबरला आम्ही नियम फिरवला, जानेवारीत ते अक्षराप्रमाणे बरोबर असूनही मुलाचा नंबर तिसराच राहिला. ते काही न बोलता गाडी टेम्पोत चढवून निघून गेले. फेब्रुवारीत आले नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आलो. पहिल्यांदा चहा मिळाला, दुसऱ्यांदा बोलणं झालं.

खरी चोरी कुठे असते

त्या दुसऱ्या भेटीत तक्रारदार म्हणाले, "मला बोअरचं कायबी वाटत न्हवतं ओ. त्याचा आवाज येगळा लागला, म्हणून. पण तुमच्या कागदात मोजता येईल असं बोअरच हुतं."

आकडे बघा. ५१.०० आणि ५१.१२ यांत अर्ध्या सीसीचा फरक पडतो. तो रायडरनं सकाळी जेवलेल्या भाकरीइतका. टू-स्ट्रोकची ताकद पोर्टमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतल्या वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्यांमध्ये, आणि सायलेन्सरमध्ये असते. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड एखादा मिलीमीटर वर घासली की पोर्ट लवकर उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो, आणि गाडी वरच्या आरपीएमला वेगळीच होते. त्याला जुळणारा फुगीर चेंबर, म्हणजे मधे फुगवलेला शर्यतीचा सायलेन्सर, लावला तर मग बोलायलाच नको. आमच्या पत्रिकेत 'पोर्टिंग बंद', म्हणजे पोर्ट घासायचे नाहीत, अशी ओळ होती, पण ते तपासायचं कसं यावर अवाक्षर नव्हतं. त्या दिवशी सहा हेड उघडूनही आम्ही एकाही पोर्टबद्दल काही सांगू शकलो नाही.

म्हणून जानेवारीच्या उरलेल्या दिवसांत मी एक पट्टी बनवली. कुणी हात न लावलेला एक स्टँडर्ड ब्लॉक घेतला, आणि स्टीलच्या पत्र्याची बोटभर रुंद पट्टी अशी कापली की तिचा आडवा खांदा ब्लॉकच्या वरच्या तोंडावर टेकतो आणि खालचा दात एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला जेमतेम अडतो. पोर्ट वर घासलेला असेल तर दात आत शिरतो. मोजायचं काही नाही, वाचायचं काही नाही. अडला की पास, शिरला की बाद. दहावी नापास पोराच्या हातात दिली तरी निकाल तोच येतो, आणि बघणाऱ्या पन्नास जणांना तो दिसतो.

नानांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "ब्लॉकखाली दोन पॅकिंग घातली तर?"

ब्लॉक न घासता अख्खा ब्लॉकच उचलला की सगळे पोर्ट पिस्टनच्या मानानं वर जातात. पट्टी ब्लॉकच्या तोंडावरून मोजते, त्यामुळे तिला ते कळणारच नाही. उत्तर असं निघालं : पिस्टन अगदी वर आणून ब्लॉकच्या तोंडापासून तो किती खाली राहतो ते डेप्थ गेजनं बघायचं. ब्लॉक उचलला असेल तर पिस्टन जास्त खोल दिसतो. खोली लपवायला कुणी ब्लॉकचं तोंड घासलं, तर पट्टी पकडते. दोन साध्या तपासण्या एकमेकींची राखण करतात.

सायलेन्सर बाहेरून मूळचाच ठेवायचा, फुगीर चेंबर बंद. यावर वाद झाला, कारण चेंबर बनवणं ही आमच्याकडच्या दोन-तीन गॅरेजवाल्यांची कला आहे आणि तिला वाव हवा असं मलाही वाटतं. पण चेंबर आला की कार्बुरेटरमधला पेट्रोलचा जेट बदलतो, पोर्ट बदलतो, क्लच घसरायला लागतो, आणि एका हंगामात गाडीवर गाडीच्या किमतीइतका खर्च होतो. त्यांच्यासाठी आरएक्स-१३५ आणि सुझुकीच्या शोगन-शाओलिन या गाड्यांच्या खुल्या गटात सगळं मोकळं ठेवलं. शंभरच्या गटात नाही.

बोअरची ओळ आता अशी आहे : इंजिन हाताला थंड असताना, रिंगांच्या वाटेवरच्या न झिजलेल्या पट्ट्यात, बोअर गेजनं ५१.१० मिमीपर्यंत. ०.१० ची सूट पिस्टनच्या मापातल्या फरकासाठी आणि फटीसाठी. आणि ज्यानं ब्लॉक बोअर केला आहे त्यानं तो मोजायचा नाही.

फेब्रुवारी आणि एप्रिल

तिसऱ्या फेरीत पट्टीनं दोन गाड्या बाद केल्या, आणि डेप्थ गेजनं एक. तिघांनाही घरी पाठवलं नाही. खुल्या गटात धावू दिलं. पैकी एक जण तिथे पाचवा आला आणि खुशीत गेला. २७ नंबरच्या ब्लॉकवर पट्टी टेकवली तेव्हा माळावर जानेवारीइतकीच शांतता होती. दात अडला. त्या पोराचं वजन बावन्न किलो आहे, आणि तो पहिल्या वळणात सगळ्यांपेक्षा उशिरा आत येतो. गुपित होतं ते एवढंच. आवाज वेगळा होता, कारण सायलेन्सरमधली आवाज दाबणारी बॅफल नळी गंजून मोकळी झाली होती. ती बदलायला लावली, तरी तो दुसरा आला.

निकालाच्या कागदावर पुन्हा शंका येऊ नये म्हणून लॅप मोजायची पद्धतही तेव्हाच पक्की केली. दोन जोड्या, प्रत्येकीत एक नंबर ओरडणारा आणि एक लिहिणारा. बोलणाऱ्यानं कागदाकडे बघायचं नाही, लिहिणाऱ्यानं ट्रॅककडे बघायचं नाही. दोन्ही कागद जुळले की निकाल.

एप्रिलच्या फेरीला तक्रारदार मुलाला घेऊन आले. सकाळच्या तपासणीत पट्टी धरायला कोण, असं सरांनी विचारलं तेव्हा ते स्वतःहून पुढे झाले, आणि बावीसच्या बावीस गाड्यांवर पट्टी त्यांनीच टेकवली. त्यांचा मुलगा त्या दिवशी दुसरा आला आणि मालिकेत तिसरा. मालिका २७ नंबरनं जिंकली.

मे महिन्यात ते पोरगं ब्लॉक घेऊन वर्कशॉपमध्ये आलं. ओठ नखाला चांगलाच लागत होता. शेवटचं माप संपलं, आता बोअरला जागा नाही. एकच मार्ग उरतो : ब्लॉकच्या आतली लोखंडी नळी, म्हणजे लायनर, काढून नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, ठोकायची आणि पुन्हा ५० पासून सुरुवात करायची. पण नवा स्लीव्ह म्हणजे त्यात पोर्ट नव्यानं कापायचे, आणि ते मीच कापणार. स्लीव्हवाला ब्लॉक शंभरच्या गटात चालेल का, चालला तर पोर्ट कापताना शेजारी कुणी उभं राहायचं, हे दसऱ्याच्या बैठकीत ठरायचं आहे. तोवर तो ब्लॉक कागदात गुंडाळून माझ्या मांडणीवर ठेवला आहे, वर २७ लिहून.